सहायक शिक्षिकेचे प्रमाणपत्र: फी किती, पगार किती आणि वसुली किती वर्षांत

ताई, तुम्ही जे विचारले आहे ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाचे आहे हे तुमच्यासारख्या इतर बहिणींनाही कळेल. तुमचे वय ३१, शिक्षण बारावी कला, गुण ५८ टक्के, गाव जिंतूर तालुक्यात आणि मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला. घरची जमीन कोरडवाहू आहे आणि सोयाबीन-कापसाच्या हंगामात तुम्ही ३०० रुपये रोजाने दुसऱ्यांच्या शेतातही जाता. तालुक्याच्या गावी एक खासगी संस्था सहा महिन्यांचे ‘सहायक शिक्षिका’ प्रमाणपत्र देते आणि त्याची फी १८,००० रुपये आहे. तिथल्याच एका इंग्रजी शाळेने तुम्हाला सांगितले आहे की नर्सरीच्या वर्गावर मदतनीस म्हणून प्रमाणपत्र नसेल तर महिना ५,००० रुपये आणि असेल तर ६,००० रुपये देऊ. फीसाठी बचत गटातून कर्ज काढावे की कानातले मोडावेत, इथपर्यंत तुमचा विचार आला आहे.

माझे उत्तर असे आहे की हे काम तुम्ही जरूर करावे, पण हे प्रमाणपत्र या फीला, कर्ज काढून किंवा सोने मोडून, आज घेऊ नये. मी अंबाजोगाई आणि परभणी इथल्या शाळांच्या पूर्वप्राथमिक विभागांत मिळून २४ वर्षे काम केले, त्यातली शेवटची ११ वर्षे विभागप्रमुख म्हणून. मदतनीस आणि सहायक शिक्षिका निवडणे, त्यांना वर्गात तयार करणे आणि त्यांच्या पगाराबद्दल संस्थाचालकांशी बोलणे हे सगळे माझ्याच वाट्याला होते, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यातला बराचसा भाग हजेरीपट आणि पगारपत्रक यांच्या बाजूने पाहिलेला आहे.

पहिली चूक बहुतेक जणींकडून इथेच होते की कोर्सचा खर्च म्हणजे फी असे धरले जाते. तुमचाच हिशेब करू. फी १८,०००. परीक्षा फी १,५०० वेगळी घेतात असे तुम्ही लिहिले आहे. गणवेशाची साडी १,२००. शैक्षणिक साहित्य, म्हणजे कार्डशीट, रंग, बाहुल्या, फाईल, यांना २,००० रुपये सहज लागतात, कारण ते साहित्य विद्यार्थिनीनेच करून आणायचे असते आणि शेवटी ते बहुधा संस्थेतच राहते. तुमच्या गावाहून एसटीचे पूर्ण तिकीट ४५ रुपये आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे जाऊन-येऊन साधारण ४६ रुपये पडतील आणि सहा महिन्यांत १२० दिवस वर्ग भरले तर त्याचे ५,५२० रुपये होतात. इथपर्यंतची रोख बेरीज २८,२२० रुपये आहे. आता कोर्स जुलै ते डिसेंबर असल्यामुळे खुरपणी, सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी हे तिन्ही हंगाम त्यात बुडतात. तुमच्या अंदाजाने ६० दिवसांचा रोज जाणार असेल तर ते १८,००० रुपये झाले. म्हणजे ज्याला आपण १८,००० चा कोर्स म्हणतो तो तुमच्या घराला ४६,२२० रुपयांना पडतो.

दुसरी चूक मिळकतीच्या बाजूने होते. प्रमाणपत्र घेतल्यावर मिळणारे ६,००० रुपये ही प्रमाणपत्राची कमाई धरली जाते, पण त्यातले ५,००० तुम्हाला ते नसतानाही मिळणार आहेत. प्रमाणपत्राची कमाई महिन्याला १,००० रुपये, एवढीच आहे. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक खासगी नर्सऱ्यांमध्ये मदतनिसांना जून ते मार्च असा दहाच महिन्यांचा पगार मिळतो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा जूनमध्ये बोलावू असे तोंडी सांगितले जाते. तेव्हा वर्षाचे १०,००० रुपये जास्तीचे धरा. या दराने नुसते रोख २८,२२० रुपये फिटायला जवळजवळ तीन शैक्षणिक वर्षे लागतात आणि बुडालेला रोज धरला तर साडेचार वर्षांहून जास्त. बचत गटाचे व्याज महिन्याला शेकडा दोन असेल तर १८,००० वर पहिल्याच महिन्यात ३६० रुपये जातील, म्हणजे जास्तीच्या हजारातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग व्याजातच संपेल. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत पगार नसला तरी गटाचा हप्ता मात्र थांबणार नाही.

नोकरीचा हिशेबही याच पद्धतीने पाहावा लागेल. शाळेचे साधारण २२० दिवस धरले तर एसटीलाच वर्षाला १०,१२० रुपये जातात. ६,००० प्रमाणे दहा महिन्यांचे ६०,००० आले तरी हातात ४९,८८० उरतात. ५,००० प्रमाणे ३९,८८० उरतात. महिन्याला कामाचे २४ दिवस धरले तर ६,००० म्हणजे दिवसाला २५० रुपये, शेतातल्या रोजापेक्षा कमी. हे मी तुम्हाला नाउमेद करण्यासाठी सांगत नाही. उन्हातान्हातून सुटका, ठरलेली वेळ, दुपारी दीड-दोनला मोकळे होऊन शिवणकाम किंवा शिकवणी करण्याची सोय, आणि गावात बाई म्हणून मिळणारा मान, या सगळ्यांचे मोल मी स्वतः अनुभवलेले आहे. ते मोल पैशात धरता येत नाही, पण म्हणूनच पैशाचा आकडा आधी उघड्या डोळ्यांनी पाहिलेला बरा. काही शाळा कर्मचाऱ्यांच्या मुलांना फीमध्ये अर्धी किंवा पूर्ण सूट देतात. तुमचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत नीट शिकत असेल आणि त्याला इंग्रजी शाळेत घालण्याचा तुमचा विचारच नसेल, तर ती सूट कमाईत धरू नका; मुलाखतीत ती हमखास पगारासारखी मांडली जाते.

आता मुख्य मुद्दा असा की हे प्रमाणपत्र नेमके कोणते दार उघडते. संस्थेच्या जाहिरातीवर ‘शासनमान्य’, ‘आयएसओ प्रमाणित’, ‘नीती आयोग नोंदणीकृत’ असे लिहिले आहे, असे तुम्ही कळवले आहे. आयएसओ हे संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीचे प्रमाणन असते. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर स्वयंसेवी संस्था आपली नोंद करतात आणि सूक्ष्म-लघु उद्योग म्हणूनही कोणाला उद्यम नोंदणी घेता येते. संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली असते, तो क्रमांकही फलकावर मोठ्या अक्षरात लावतात. या सर्व नोंदी संस्थेच्या आहेत. त्यांपैकी एकीनेही अभ्यासक्रमाला मान्यता मिळत नाही. संस्थेला एकच प्रश्न विचारायचा: हा अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा, मंडळाचा किंवा परिषदेचा आहे आणि त्यांच्या यादीत तो कोणत्या नावाने आणि संकेतांकाने आहे? उत्तर मिळाले तर ते त्या मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः ताडून पाहायचे. उत्तराऐवजी ‘आपल्या मुली सगळीकडे लागल्या आहेत’ असे ऐकायला मिळाले, तर ते प्रमाणपत्र त्या गावातल्या त्या दोन-तीन शाळांपुरतेच चालते असे समजावे.

२०१४ सालच्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या निकषांनुसार पूर्वप्राथमिक शिक्षिकेला बारावीत किमान ५० टक्के गुण आणि किमान दोन वर्षांची पूर्वप्राथमिक शिक्षण पदविका, किंवा बी.एड. नर्सरी, अशी पात्रता सांगितलेली आहे. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र त्यात कुठेच बसत नाही. खासगी नर्सऱ्या हा निकष क्वचितच पाळतात आणि म्हणूनच तुमच्यासारखीला आत प्रवेश मिळतो, ही गोष्ट खरी आहे. पण ज्या दिवशी एखादी मोठी शाळा कागद पाहून माणूस घेईल त्या दिवशी हा कागद उपयोगी पडणार नाही, आणि जिथे कागद पाहतच नाहीत तिथे तो नसतानाही काम मिळते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे नाव घेऊनही हे कोर्स विकले जातात. २०२० च्या धोरणात सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राचा उल्लेख आहे, हे खरे. पण तो सेवेत असलेल्या अंगणवाडी सेविकांसाठी आहे. बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या सेविकांना बालशिक्षणाचे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका, अशी ती तरतूद आहे. बाहेरच्या कोणी १८,००० रुपये भरून सहा महिने शिकल्यास तिला शिक्षिका मानावे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. उलट २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बी.एड. असावी, असे तेच धोरण सांगते. त्यामुळे आज छोट्या कागदावर मोठा खर्च करणे आणखी धोक्याचे आहे.

तुमच्या पत्रात अंगणवाडीचा शब्दही नाही, याचे मला आश्चर्य वाटले. बोर्डी आणि कोसबाड इथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या दारात, अंगणात नेऊन जी शाळा भरवली, त्यातून हा शब्द आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तो घरोघर पोचला. आपल्याकडे मात्र इंग्रजी शाळेतली ‘टीचर’ वरची आणि अंगणवाडीतली बाई खालची, असा समज पसरला आहे, आणि पैशाचा हिशेब केला तर तो टिकत नाही. २०२३ मध्ये राज्यात अंगणवाडी मदतनिसाचे मानधन ५,५०० आणि सेविकेचे १०,००० रुपये झाले, आणि ऑक्टोबर २०२४ च्या निर्णयाने ते अनुक्रमे ७,५०० आणि १३,००० झाले. प्रोत्साहन भत्ता त्याहून वेगळा. मदतनिसाचे वर्षाचे ९०,००० रुपये होतात, तेही बारा महिन्यांचे, स्वतःच्या गावात आणि एसटीच्या खर्चाविना. तुमच्या शाळेच्या ४९,८८० च्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा.

या दोन्ही पदांसाठी आता बारावी उत्तीर्ण ही किमान पात्रता आहे, वय १८ ते ३५ (विधवा महिलांना ४० पर्यंत) आणि उमेदवार त्याच गावची रहिवासी असावी लागते. लेखी परीक्षा नसते. निवड गुणांकनाने होते. बारावीच्या गुणांखेरीज पदवी, डी.एड., बी.एड. आणि एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स यांना वेगळे गुण मिळतात. खासगी सहायक शिक्षिका प्रमाणपत्राला त्या तक्त्यात जागा नाही. म्हणजे सहा महिने आणि ४६,००० रुपये घालून जे मिळेल त्याने तुमचा एकही गुण वाढणार नाही, आणि एमएस-सीआयटीच्या कितीतरी कमी फीमध्ये गुण वाढतील. तुमचे वय ३१ आहे. चार वर्षे हातात आहेत. तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकारी कार्यालयात जाऊन तुमच्या गावात सेविका किंवा मदतनिसाचे पद रिक्त आहे का, किंवा कोणी निवृत्त होणार आहे का, हे या आठवड्यातच विचारून या. जाहिरात ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते आणि दहा-बारा दिवसांत मुदत संपते. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रक यांच्या प्रती आधीच तयार ठेवल्या नाहीत तर एवढ्या दिवसांत धावपळ होते.

गावात जागा नसेल तर? तेव्हा दुसरा मार्ग मोठा आहे, लांबचा आहे, पण खऱ्या अर्थाने शिक्षिका होण्याचा आहे: दोन वर्षांचे डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका. तुमच्या ५८ टक्क्यांना प्रवेशाची अडचण येऊ नये. प्रत्येक जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, असते. बीड जिल्ह्याची अंबाजोगाईला आणि लातूरची मुरूडला आहे. प्रवेशाची चौकशी तुमच्या जिल्ह्याच्या डाएटमध्ये करा, तिथे खरी माहिती फुकट मिळते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही असा निर्णय दिला, त्यामुळे प्राथमिकच्या जागांसाठी डी.एल.एड. झालेल्यांची स्पर्धा थोडी हलकी झाली आहे.

पण इथेही गोड चित्र रंगवणे मला मान्य नाही. डी.एल.एड. नंतर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आहे: १५० गुणांची परीक्षा, खुल्या प्रवर्गाला ९० गुण, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. तिचे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. त्यानंतर अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट, आणि पवित्र पोर्टल या शासनाच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरची भरती. ही चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, मग थेट फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये, आणि त्यानंतर मे-जून २०२५ मध्ये. पहिल्या दोन चाचण्यांमध्ये पाच वर्षांहून जास्त काळ गेला आणि माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली त्या काळात किराणा दुकानात, शिकवणीत, सासरच्या शेतात अडकून पडल्या. निवड झाली तर जानेवारी २०२३ पासून प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला महिना १६,००० रुपये मानधन आहे, तीन वर्षे. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी, जिचे मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होते. हे मिळाले तर आयुष्य बदलते, पण कधी मिळेल याची तारीख कोणी देऊ शकत नाही. म्हणून हा मार्ग धरणारीने मधल्या वर्षांत घर कशावर चालणार, हे पतीशी आणि सासूशी आधीच स्पष्ट बोलून घ्यावे.

या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे तो इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, बालसंगोपन व शिक्षण पदविकेचा. बारावीवर प्रवेश मिळतो, किमान एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, घरी राहून करता येतो आणि त्यात प्रत्यक्ष मुलांबरोबर करायचे प्रकल्पकार्य असते. अध्यापक शिक्षण परिषदेच्या दोन वर्षांच्या निकषात तीही बसत नाही, हे लक्षात ठेवा. पण विद्यापीठाची पदविका असल्यामुळे संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या मोठ्या शाळा तिला वेगळ्या नजरेने पाहतात. मी निवड करताना खासगी संस्थेच्या प्रमाणपत्रापेक्षा तिला जास्त वजन देत असे, कारण त्या मुलींनी बाळाची वाढ, आहार, भाषा कशी येते, हे वाचलेले असायचे आणि ते बोलण्यात दिसायचे.

खासगी कोर्स सगळेच वाया जातात असे मात्र म्हणता येणार नाही. परभणीत माझ्याकडे काम केलेली एक मुलगी घरगुती बालवाडी चालवणाऱ्या एका वयस्क बाईंकडे चार महिने शिकून आलेली होती. कागद साधा, फी जवळजवळ नाही. मुलाखतीत मी सर्वांपुढे एकच गोष्ट ठेवत असे: मण्यांचा डबा, सुतळी आणि एक साडेतीन वर्षांचे मूल. बहुतेक उमेदवार मणी स्वतः ओवून दाखवायच्या आणि मग ‘आता तू कर’ म्हणायच्या. तिने सुतळीच्या टोकाला मेण लावून ते कडक केले, मोठ्या भोकाचे मणी वेगळे काढले, मुलाच्या शेजारी बसली, समोर नाही, आणि गप्प राहिली. मुलाने तीन मणी ओवले आणि मग तिच्याकडे पाहिले. पेन्सिल धरण्याआधी बोटांना काय लागते, हे तिला कळलेले होते. कोर्स निवडायचाच असेल तर असे शिकवणारे माणूस शोधा आणि विचारा की सहा महिन्यांपैकी किती दिवस आम्ही चालू वर्गात, खऱ्या मुलांबरोबर असू. उत्तर ‘शेवटचे पंधरा दिवस’ असेल तर उरलेले साडेपाच महिने कार्डशीट कापण्यात जाणार.

दुसरी एक आठवण अंबाजोगाईची आहे. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांनी आजीकडे ठेवलेला चार वर्षांचा मुलगा दिवाळीनंतर वर्गात आला. तो चप्पल काढायला तयार नसे. वर्गात बसायचा, डबा खायचा, झोपायचा, पण पायात चप्पल. बाकीच्या बायकांनी शिस्त म्हणून ती काढून घेण्याचा प्रयत्न केला. आमच्या मदतनीस बाई आठवी शिकलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, राहू द्या, आई आली तर लगेच निघता यावे म्हणून तो घालून बसतो. त्यांनी रोज ओल्या फडक्याने त्याच्या चपलेचे तळवे पुसले आणि त्याला सतरंजीवर बसू दिले. संक्रांतीच्या सुमारास त्याने ती दाराशी काढली. ही समज कोणत्या कागदावर येते हे मला आजही सांगता येणार नाही, पण त्या बाईंचा पगार वर्गातल्या प्रमाणपत्रवाल्या सहायिकेपेक्षा ८०० रुपयांनी कमी होता आणि तो वाढवून घ्यायला मला दोन वर्षे भांडावे लागले.

त्यावरून पगाराबद्दल थोडे. शाळेने सांगितलेला आकडा आणि हातात पडणारा आकडा सारखा असतो का, हे तिथे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या मावशीला विचारा. मी नोकरी सुरू केली त्या संस्थेत सही एका रकमेवर घेऊन हातात त्याहून कमी रक्कम दिली जायची, आणि माझी बारावीची मूळ गुणपत्रिका दोन वर्षे कपाटात ठेवून घेतली होती. ती परत मिळवण्यासाठी मला किती खेटे घालावे लागले हे आठवले की अजून राग येतो. तेव्हा मूळ कागद कोणालाही देऊ नका. झेरॉक्स द्या आणि मूळ दाखवून परत घ्या. पगार बँकेतच जमा करायला सांगा. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या शाळेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो. ६,००० पगारावर तुमचे १२ टक्के म्हणजे ७२० रुपये कापले जातात आणि तेवढाच भार शाळेने उचलायचा असतो. ७२० कापले म्हणून हिरमुसू नका, ही शाळा कायद्याने चालते याची ती खूण आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या शाळेत २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजाही कायद्याने मिळते, आणि व्यवसाय कराची काळजी करू नका. २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो एप्रिल २०२३ पासून नाही.

पगार उशिरा का होतो, हेही समजून घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर शाळेने घेतलेल्या मुलांपोटी शासन वर्षाला प्रति विद्यार्थी १७,६७० रुपयांपर्यंत प्रतिपूर्ती देते, आणि ती वेळेवर येत नाही ही संस्थाचालकांची जुनी तक्रार आहे. त्यातच आपल्या भागात पालकांची फी सोयाबीन विकल्यावर येते. भाव पडला की फी थकते आणि सर्वात आधी मदतनिसांचा पगार पुढे ढकलला जातो. म्हणून दिवाळीच्या आधीचे दोन महिने पगार रखडला तर घर कसे चालेल, हे हिशेबात धरूनच होकार द्या.

विशेष गरजा असलेल्या मुलांची सहायिका होण्याचा विचार असेल, तर तिथे नियम कडक आहेत. भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्य अभ्यासक्रमाशिवाय आणि तिच्या नोंदणी क्रमांकाशिवाय विशेष शिक्षक म्हणून कोणालाही काम करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिकला दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे सांगितले आहे, त्यामुळे पुढे या जागा वाढतील असे मला वाटते. पण ‘शॅडो टीचर’ (वर्गात एकाच मुलाच्या मदतीला बसणारी सहायिका) या नावाचे तीन महिन्यांचे ऑनलाइन कोर्स त्या परिषदेचे नसतात; जिंतूरला बसून त्यावर पैसे घालू नका.

तुमच्या बाबतीत मी असे करीन. त्या शाळेचे ५,००० चे काम प्रमाणपत्राशिवाय जूनपासून घ्या, आणि नियुक्तीपत्रात पद, पगार, महिने आणि कामाची वेळ लिहून मागा. पदाचे नाव ‘सहायक शिक्षिका’ असावे. ‘मावशी’ किंवा ‘आया’ असे लिहिले तर पुढे अनुभवाचा दाखला शिकवण्याच्या कामाचा धरला जात नाही. दहा महिन्यांत तुम्हाला हे काम मनापासून आवडते का, रोज चाळीस मुलांचे नाक, डबे, भांडणे आणि शू-शी सांभाळून घरी गेल्यावर स्वतःच्या मुलासाठी जीव उरतो का, हे कळेल. त्याच वर्षात इग्नूच्या पदविकेचा प्रवेश किंवा एमएस-सीआयटी करा, फी पगारातून भरता येईल अशी. मार्चमध्ये अनुभवाचा दाखला मागून घ्या, आणि तेव्हाच शाळेला सांगा की पदविका सुरू आहे, पुढच्या जूनपासून ६,००० हवेत. मी इतक्या संस्थाचालकांसमोर बसले आहे की खात्रीने सांगते: ज्या बाईचे मुले नाव काढतात आणि जी गैरहजर असली की वर्ग बंद पडतो, तिला हजार रुपये वाढवून मिळतात, प्रमाणपत्र कुठलेही असो.

कानातले मोडू नका. आणि ती संस्था तुमच्यासाठी फीचे तीन हप्ते करायला, पावती द्यायला आणि मध्येच सोडल्यास उरलेले हप्ते न घेण्याचे लेखी द्यायला तयार झाली, तर मला पुन्हा कळवा; तेव्हा अभ्यासक्रमाची पुस्तिका आणि मंडळाचा संकेतांक सोबत पाठवा, म्हणजे पाहून सांगता येईल.